एकशेसाठ संगणकांचा मूळपुरुष

धाकट्या,

तुमच्या संस्थेच्या वर्षअखेरीच्या निरोपाच्या पुस्तिकेसाठी तुझ्यावर दोन पानं लिहून द्या, असं मला तुमच्या कार्यालयातून कळवलं. मी पडले तिथली जुनी ग्रंथपाल, वर तुझी सख्खी बहीण, तेव्हा त्यांचं काम आयतंच होणार होतं. सोबत नमुना म्हणून मागच्या वर्षी निवृत्त झालेल्या भांडारपालावरचा मजकूर पाठवला होता. ‘हसतमुख, कर्तव्यदक्ष, सर्वांच्या मदतीला धावून जाणारे.’ त्या भांडारपालाला मी सव्वीस वर्षं ओळखते. तो आयुष्यात एकदाच धावला, गच्चीवरचं मधमाश्यांचं पोळं उठलं तेव्हा, आणि तोही सर्वांच्या उलट्या दिशेला. मग मी त्याच्या आदल्या वर्षीची पुस्तिका काढून पाहिली. बागेतल्या माळ्यावरही तेच छापलं होतं, शब्द न् शब्द तोच. म्हणजे माणसांच्या नकला काढायची सोयही तुमच्याकडे आहे म्हणायची.

तुझ्यावर तसलं मला लिहवणार नाही. खरं आहे ते लिहिते, दोन पानांत मावो न मावो. फुरंगटून बसू नकोस. आणि इथून पुढे मी तुला ‘तो’ म्हणणार आणि स्वतःला ‘ताई’. माणसाला समोर बसवून त्याची उणीदुणी काढता येत नाहीत. तोंड बघितलं की हात आखडतो.

तर, तो लहानपणापासूनच नकला उतरवण्यात वस्ताद. चौथीत असताना ‘मी कोण होणार’ हा निबंध त्याने ताईच्या दहा वर्षांपूर्वीच्या वहीतून काना-मात्रा न बदलता उतरवला. ‘मी मोठी झाले की केसांचा अंबाडा घालीन आणि ग्रंथपाल होईन.’ मास्तरांनी तो मोठ्याने वाचून दाखवला आणि वर्ग बाकांखाली गेला.

“अरे गाढवा, उतरवताना निदान वाचायचं तरी,” मास्तर म्हणाले.

“सर, ताईला दहापैकी आठ मिळाले होते,” तो म्हणाला. “निबंध तोच आहे. मलाही आठच द्यायला पाहिजेत.”

हा त्याचा युक्तिवाद. पुढची पन्नास वर्षं त्याने तो सोडला नाही.

नोकरीला लागला तो संस्थेत संगणक सांभाळणारा म्हणून. पहिल्याच वर्षी एका प्रयोगशाळेत चाळीस संगणक आले. तेव्हाची रीत अशी की एकेकापुढे बसायचं, एकामागून एक तबकड्या घालायच्या, पडदा विचारेल त्याला ‘हो’, ‘हो’, ‘नाही’, ‘पुढे’ असं म्हणायचं आणि दोन-दोन तास जांभया देत राहायचं. चाळिसांना नऊ दिवस लागले. सदतिसाव्यापाशी त्याचा डोळा लागला आणि ‘नाही’च्या जागी ‘हो’ दाबलं गेलं. तो संगणक मोडीत निघेपर्यंत बाकीच्यांहून वेगळा वागत राहिला. मुलं त्याला ‘जावई’ म्हणायची.

मग त्याला इमेज सापडली आणि त्याच्या जन्माचं कल्याण झालं. एक संगणक मनासारखा सजवायचा, त्यात लागतील ते सगळे प्रोग्राम घालायचे आणि त्याच्या अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी प्रत काढायची. ती प्रत नेटवर्कवरून बाकीच्या एकोणचाळिसांवर उतरवायची. संगणकवाले याला ‘इमेज मारणं’ म्हणतात. एकोणचाळीस पडद्यांवर एकोणचाळीस निळ्या पट्ट्या एकाच वेगाने पुढे सरकतात आणि अठरा मिनिटांत चाळीस जुळी भावंडं तयार. चौथीतला निबंध एकदम एकोणचाळीस वह्यांत उतरला, आणि या वेळी कुणी हसलं नाही.

म्हणजे पहिल्या दिवशी हसलं. इमेज म्हटली की सगळंच येतं, नावसुद्धा. चाळीस जण एकाच नावाने नेटवर्कवर उभे राहिले आणि त्यांची आपसात जुंपली. पण तेही तो शिकला. इमेज मारून झाली की हातात कागद घेऊन रांगेने फिरायचा आणि हजेरी घेतल्यासारखं एकेकाचं नाव बदलायचा.

सजवलेला तो पहिला संगणक दुसऱ्या प्रयोगशाळेच्या मागच्या छोट्या खोलीत असे. त्याचं नाव ‘मूळ’. खोलीला एक खिडकी, एक टेबल, दोन खुर्च्या आणि एक किल्ली. किल्ली त्याच्या खिशात. मूळला कुणी हात लावायचा नाही. प्रयोगशाळा चार झाल्या, संगणक एकशेसाठ झाले, आणि सगळे त्या एकाच्या पोटचे. संस्थेतला शिपाई मोठा फटकळ. कुणी त्याला शोधत आलं की शिपाई सांगायचा, “मूळपुरुष आत आहेत. वंश वाढवतायत.”

नाव चिकटलं. त्याला ते आवडायचं, हे त्याने कधी कबूल केलं नाही.

आता त्याला हवं काय होतं ते सरळ सांगते, नाहीतर लोक उगाच पगार न् बढती असं काहीबाही धरून चालतील. त्याला एवढंच हवं होतं की आपल्यावाचून या लोकांचं अडलं पाहिजे. एकदा तो तापाने चार दिवस घरी होता, तर तिसऱ्या दिवशी खुद्द संचालकांचा फोन आला की अमुक एक गोष्ट चालत नाही, करायचं काय. त्याने अंथरुणातून सांगितलं, कुठलं बटण किती वेळा दाबायचं ते. फोन ठेवला आणि त्याचा ताप उतरला. बायको अजून सांगते, गोळीने नाही उतरला, फोनने उतरला.

ताईने आपल्या नोकरीत चाळीस हजार पुस्तकांची कार्डं हाताने लिहिली होती. तिला हे बघवत नसे.

“तू त्या मूळवर काय काय घातलंयस ते कुठे लिहून ठेवतोस की नाही?”

“लिहायचं कशाला? मी आहे ना.”

“आणि उद्या नसलास तर?”

“तर कळेल त्यांना,” तो म्हणाला, आणि असा काही हसला की ताईला त्याच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला. घातलाही.

त्याच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना परीक्षा विभागातून एक बाई बदलून आल्या. चाळिशी उलटलेल्या, आवाज कोरडा, प्रत्येक गोष्टीची यादी करणाऱ्या. डबा उघडायच्या आधीही यादी करत असतील. शिपायाने तिसऱ्या दिवशी त्यांना ‘यादीबाई’ करून टाकलं. संचालकांनी त्यांना प्रयोगशाळांच्या कामात त्याच्या जोडीला दिलं आणि जोडीला म्हणजे वर की खाली, हे सांगितलं नाही. संचालकांना न सांगायची कला उत्तम अवगत होती.

बाई पहिल्याच दिवशी त्या छोट्या खोलीत आल्या आणि दुसऱ्या खुर्चीवर बसल्या. त्या खुर्चीवर तोवर फक्त वायरींची भेंडोळी बसत.

“सर, या मूळवर नक्की काय काय आहे?”

“सगळं आहे.”

“सगळं म्हणजे?”

“म्हणजे लागतं ते.”

“ते कुठे लिहिलंय?”

त्याने कपाळावर बोट ठेवलं. “इथं.”

“त्याची प्रत कुठे आहे?” बाईंनी विचारलं.

वर्मी लागलं. घरी येऊन त्याने हे बायकोला सांगितलं, बायकोने ताईला, आणि ताईला बाई न बघताच आवडल्या.

बाईंची पद्धत वेगळी. त्या प्रत काढत नसत. कोरा संगणक नेटवर्कवरून सुरू करायचा; तो सर्व्हरवर ठेवलेली एक यादी उघडतो आणि आपलं आपण सगळं बसवून घेतो. डिस्क पुसायची का? हो. भाषा कुठली? ही. हा प्रोग्राम घाल, तो घाल, नाव अमुक ठेव. माणसाने समोर बसून द्यायची उत्तरं आधीच लिहून ठेवलेली. सुरुवातीला त्रेचाळीस ओळी होत्या. बाईंनी तीन वेगवेगळ्या घडणीच्या संगणकांवर हे करून दाखवलं. तो घड्याळ लावून उभा होता.

“एक तास दहा मिनिटं,” तो म्हणाला. “मॅडम, एवढ्यात माझ्या तीन प्रयोगशाळा झाल्या असत्या. वर चहाही.”

“झाल्या असत्या. पण त्या कोपऱ्यातल्या नव्या मशीनवर तुमची इमेज सुरूच होत नाही.”

“त्याची वेगळी आहे.”

“अशा वेगळ्या किती?”

“नऊ.”

“आणि उद्या कुणा शिक्षकाला एखादी नवी गोष्ट लागली तर?”

“नऊदा घालायची.”

“मला एक ओळ घालावी लागेल.”

“ओळ लिहिणारा चुकला तर एकशेसाठ ठिकाणी चुकेल.”

“मूळ चुकलं तरी एकशेसाठ ठिकाणीच चुकेल, सर. फरक एवढाच, माझी चूक वाचता येते.”

आणि गंमत बघा, त्या नऊ इमेजांची नावं त्यालाही धड सांगता येत नव्हती. ‘अंतिम’, ‘अंतिम नवी’, ‘अंतिम खरी’, ‘अंतिम खरी हीच’ आणि एक नुसतीच ‘ही नको’. ‘ही नको’ सर्वांत जास्त वापरात होती.

त्या दिवसापासून त्याचा रक्तदाब चढत गेला. दीडएक वर्षाने डॉक्टरांनी गोळी दिली, रोज सव्वाअकराची. संस्थेत कुणाला कळता कामा नये, असं त्याने बायकोला बजावलं. गोळी खाणारा माणूस म्हणजे बदलायला झालेला माणूस, असं त्याचं गणित. ताईलाही सांगितलं नव्हतं, हे मुद्दाम नमूद करते.

पहिल्याच दिवशी गोळी विसरला. बायकोने फोनवर फैलावर घेतलं. “दिवसभर त्या मशीनपुढे बसता ना? मग तेच आठवण करून देऊ दे. लिहा. मी सांगते तसं लिहा.” त्याने मूळवर आठवणीची खिडकी उघडली आणि बायको सांगेल ते टंकून घेतलं, काना-मात्रा न बदलता. चौथीतली सवय. हे बुधवारचं.

शनिवारी बाहेरच्या मुलांची प्रवेश परीक्षा होती, संगणकावर. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रयोगशाळेत मिळून ऐंशी मुलं. परीक्षेचा नवा प्रोग्राम गुरुवारी दुपारी आला. संचालकांनी दोघांना बोलावून विचारलं, लवकर काय होईल?

“दोन्ही प्रयोगशाळा एकदम लावल्या तरी दीड तास धरा,” बाई म्हणाल्या. “पण कोरी पाटी मिळेल.”

“अठरा मिनिटं,” तो म्हणाला.

संचालकांना अठरा हा आकडा दीड तासापेक्षा लहान आहे एवढं कळलं. त्याने मूळवर परीक्षेचा प्रोग्राम घातला, इमेज घेतली, ऐंशी संगणकांवर मारली आणि नावंही बदलली. साडेचारला हात झटकून बाईंसमोर उभा राहिला. “बघा. तुमचा अजून पहिला प्रश्न चालू असता.”

शनिवारी दुसऱ्या प्रयोगशाळेत पर्यवेक्षक म्हणून नेमक्या बाईच होत्या. दहाला परीक्षा सुरू झाली. टाचणी पडली तरी ऐकू यावं अशी शांतता. सव्वाअकराला ऐंशी संगणकांनी एकदम ‘टिंग’ केलं आणि प्रश्नपत्रिकेवर एक पिवळी खिडकी उघडली.

‘अहो, गोळी घ्या. पाण्याबरोबर, चहाबरोबर नव्हे. आणि त्या यादीवाल्या बाईंवर चिडू नका, तुमचं डोकं धडधडतं.’

मग मागच्या रांगेतून एक हात वर आला. “मॅडम, हा किती गुणांना आहे?”

दुसरी मुलगी रडवेली होऊन म्हणाली, “मॅडम, माझ्याकडे गोळी नाहीये. कुणी सांगितलंच नव्हतं.”

खिडकीखाली दोन बटणं होती, ‘झालं’ आणि ‘दहा मिनिटांनी आठवण कर’. परीक्षेला बसलेलं मूल घाबरलेलं असतं. ज्याचा अर्थ कळत नाही ते नंतरसाठी ठेवतं. तीसेक जणांनी दुसरं बटण दाबलं. त्यामुळे अकरा पंचविसाला पुन्हा गोळी घ्या, पस्तिसाला पुन्हा घ्या. तिसऱ्या प्रयोगशाळेतला पर्यवेक्षक हसता हसता खुर्चीवरून घसरला, असं शिपाई सांगतो. शिपायाचं निम्मं सोडून द्यावं.

बाई हसल्या नाहीत. त्या रांगेने फिरल्या आणि एकेका पडद्यावर ‘झालं’ दाबत गेल्या. चाळीस वेळा आपल्याबद्दलचं ते वाक्य वाचत. परीक्षा संपल्यावर त्या छोट्या खोलीत आल्या. तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. बाईंनी टेबलावर पाण्याचा पेला ठेवला.

“पाण्याबरोबर,” एवढं म्हणाल्या आणि गेल्या.

संचालकांनी त्याला सोमवारी बोलावलं.

“काय आहे हे?”

“नजरचूक झाली, सर.”

“ऐंशी नजरचुका?”

“एकच. नकला ऐंशी.”

संचालक या उत्तराने हसले असते, पण दोन पालकांची तक्रार समोर पडली होती. निकाल झाला: इमेज बंद. पुढच्या सुटीत एकशेसाठच्या एकशेसाठ संगणक बाईंच्या यादीवर न्यायचे. मूळवर जे काही आहे ते त्याने निवृत्त व्हायच्या आत बाईंना सांगायचं, बाईंनी लिहून घ्यायचं. त्याला चार महिने उरले होते.

म्हणजे ज्याच्या जिवावर ‘कळेल त्यांना’ म्हणत होता, तेच आता तोंडाने सांगून मोकळं व्हायचं. त्या संध्याकाळी तो ताईकडे आला. ताईने गोळीची बातमी शिपायाकडून आधीच मिळवली होती. तिने पहिली पंधरा मिनिटं त्या लपवाछपवीवरून त्याला झोडपलं आणि मग विचारलं, “आता काय?”

“आता काय. सांगायचं.”

“मग सांग की. पोटात ठेवून काय अंडी उबवणार आहेस?”

अकरा दिवस दोघं त्या खोलीत बसली. तो मूळवर एकेक गोष्ट उघडून दाखवायचा आणि बाई विचारायच्या, हे का? आणि इथे त्याची फजिती झाली, कारण निम्म्याअधिक गोष्टींचं ‘का’ त्यालाच ठाऊक नव्हतं.

“हा काय प्रोग्राम आहे?”

“टंकलेखन शिकवतो. टंकलेखनाच्या मास्तरांनी मागितला होता.”

“कुठल्या मास्तरांनी? आपल्याकडे टंकलेखन नाहीये.”

“वारले ते. अकरा वर्षं झाली.”

“आणि हे?”

“हे काढायचं नाही.”

“काढलं तर काय होतं?”

“काहीतरी होतं. एकदा झालं होतं.”

“काय?”

“आठवत नाही, मॅडम. पण झालं होतं.”

बाईंनी ते काढून पाहिलं. काही झालं नाही. त्याचा चेहरा असा पडला की बाईंनी ते परत घातलं, दहा मिनिटं तसंच ठेवलं आणि तो चहाला गेल्यावर पुन्हा काढलं. हे त्यांनी स्वतः ताईला पुढे सांगितलं.

संस्थेतल्या प्रत्येक संगणकावर माऊसचा बाण अंगठ्याएवढा जाड होता. वर्षानुवर्षं. कुणाच्या मनात आलंही नाही, का. तर पंधरा वर्षांपूर्वी गणिताच्या एका बाईंची नजर अधू होत चालली होती. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पडद्याला नाक लावून बसायच्या. त्याने ते पाहिलं, मूळवर बाण जाड केला आणि इमेज मारली. एकट्या त्यांच्या संगणकावर केला असता तर त्यांना अवघडल्यासारखं झालं असतं, म्हणून सगळीकडे. त्या बाई दोन वर्षांत गाव सोडून गेल्या. बाण राहिला.

यादीबाईंनी हे ऐकलं, चष्मा काढून पुसला आणि ती ओळ यादीत लिहिली. “राहू दे,” म्हणाल्या. “मलाही बरा पडतो.”

हे मला मोठ्या नाइलाजाने त्याच्या बाजूने लिहावं लागतंय.

अकराव्या दिवशी यादी पुरी झाली. त्रेचाळीस ओळींच्या शहाण्णव झाल्या. बाईंनी ती छापून त्याच्या हातात दिली. तीन कागद, वरच्या कोपऱ्यात टाचलेले. त्याने ते उलटसुलट करून पाहिले.

“एवढंच?”

“एवढंच, सर. नीट वाचा. काही राहिलंय का बघा.”

राहिलं होतं. चौथ्या प्रयोगशाळेत नकाशे आणि आराखडे काढणारा मोठा प्लॉटर होता, त्याच्याइतकाच जुना. त्याचा प्रोग्राम घातला की पहिल्यांदा सुरू होताना तो विचारतो, नवी आवृत्ती आणू का? जगातलं कुठलंही शहाणं माणूस ‘हो’ म्हणेल. यादीही आपणहून ‘हो’च म्हणते. पण नवी आवृत्ती आली की ती त्या जुन्या प्लॉटरला ओळख दाखवत नाही. तिथे ‘नाही’ म्हणायचं असतं. हे संस्थेत एका माणसाला ठाऊक होतं. सत्त्याण्णवावी ओळ.

तीन कागद हातात धरून तो उभा राहिला. एकतीस वर्षं, आणि टाचणी एक.

“नाही,” तो म्हणाला. “काही नाही राहिलं.”

सुटीत एकशेसाठ संगणक यादीवर गेले. तो रोज येऊन बघायचा, हात मागे बांधून. कुठेच काही अडलं नाही. एकशेएकोणसाठ झाल्यावर बाई छोट्या खोलीच्या दाराशी येऊन थांबल्या.

“सर, मूळ तसंच ठेवू का?”

“तसंच कशाला? एकशेसाठ म्हणजे एकशेसाठ.”

त्याने स्वतःच सुरू केलं. यादी पुसू लागली तेव्हा तो किल्ली शोधत होता, बाईंना द्यायला. सगळे खिसे तपासले, ती दारालाच होती.

पुढच्या महिन्यात तो निवृत्त झाला. निरोपाला सहा भाषणं झाली, सहाही त्या माळ्यावरचीच. दुसऱ्या दिवसापासून तो फोन सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवून घरात वावरू लागला. त्याचं गणित साधं होतं. नवं सत्र सुरू झालं की आराखड्यांच्या शिक्षकाला प्लॉटर लागणार. तो ढिम्म हलणार नाही. बाई हात टेकतील. फार तर एक आठवडा. मग फोन. मग तो अंथरुणातून, म्हणजे खुर्चीतून, सांगणार.

आठवडा गेला. बायकोने नवव्या दिवशी विचारलं, “फोन बिघडलाय का तुमचा? मी लावून बघू?”

तिने स्वयंपाकघरातून लावला. वाजला. तो धावत उठला आणि पडद्यावर तिचं नाव पाहून तिच्यावर ओरडला. रक्तदाब एकशेसत्तर.

महिन्याने त्याच्याने राहवेना. ताई दर बुधवारी संस्थेच्या ग्रंथालयात वाचायला जाते हे त्याला माहीत. “सहज बघून ये गं,” म्हणाला, “चौथ्या प्रयोगशाळेत काय चाललंय. सहज हं.”

ताई सहज गेली. प्लॉटर भिंतीशी उभा होता. बाहेर पाऊस होता, त्यामुळे त्यावर तीन छत्र्या उघडून वाळत घातलेल्या होत्या.

“हा चालत नाही का?” तिने आराखड्यांच्या शिक्षकाला विचारलं.

“बिघडलाय वाटतं. सत्र सुरू झाल्यापासून गप्प आहे. जुनाच होता हो. मॅडमनी दोन दिवस खटपट केली, मग आम्हीच म्हटलं, जाऊ दे. मुलं आता बाहेरच्या दुकानातून छापून आणतात. वर्षअखेरीला मोडीत काढायचाय.”

“मग तुम्ही त्याला फोन का नाही केलात? माझ्या भावाला?”

शिक्षक खरंच विचारात पडला. “सुचलंच नाही,” म्हणाला.

ताईने हे जसंच्या तसं येऊन सांगितलं. नकला उतरवणं आमच्या घरातच आहे. त्याने फोन वरच्या खिशातून काढून टेबलावर ठेवला. मग त्याने ‘नाही’ची सगळी हकिकत सांगितली, मान खाली घालून, आणि शेवटी म्हणाला, “म्हणजे त्यांचं अडलंच नाही.”

“नाही अडलं,” ताई म्हणाली. “मुलांचं अडलंय. पावसात आराखड्यांची नळकांडी घेऊन दुकानात जातात.”

तर, धाकट्या. त्याच दिवशी तू माझ्या वहीतलं पान फाडून त्यावर ती ओळ लिहिलीस. कुठला प्रश्न येतो, तिथे ‘नाही’ म्हणायचं, मग एकदा बंद करून चालू करायचं. खाली सही केलीस, मग सही खोडलीस. चारदा घडी घातलीस आणि मला म्हणालास, “बुधवारी जातेसच, तर बाईंना दे. कुणी दिली म्हणू नकोस.” मी म्हटलं, “देते.”

पहिल्या बुधवारी बाई प्रयोगशाळेत होत्या. दुसऱ्या बुधवारी खोलीत होत्या, दारही उघडं होतं. मी दारापर्यंत गेले आणि मला तुझा असा काही राग आला की मागे फिरले. मुद्दाम गाळलंस तू आणि पोचवायचं मी? कुणी दिली म्हणू नकोस म्हणे. त्या एका ओळीवरून कुणी दिली हे त्या बाईंना कळणार नाही, इतक्या त्या बावळट असत्या तर तुझं एकतीस वर्षांचं मूळ अकरा दिवसांत तीन कागदांवर आणलं असतं का त्यांनी? तू जा. सरळ दारातून जा, तोंडाने सांग, दुसरी खुर्ची आता रिकामी असते.

हे मी तुला कितीदा सांगितलं. तू म्हणतोस, “बघतो.” मग गुरुवारी फोन करून विचारतोस, “दिलीस का?” मी म्हणते, “बघते.” तुझी बायकोही आता आपल्या दोघांना हसते.

काल वर्षाचा शेवटचा बुधवार होता, प्लॉटर मोडीत निघायच्या आधीचा. चिठ्ठी अजून माझ्या पाकिटातच आहे.